टर्बोच्या आधी की नंतर? ऑक्सिजन सेन्सरच्या जागेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी फियाट लिनिया टी-जेट आहे, 1.4 लिटर टर्बो पेट्रोल. गाडी जुनी झाली, पण इंजिन ठणठणीत आहे. नुकताच अडीच इंची स्टेनलेस स्टीलचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) करून घेतला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा डबा) काढलेला नाही, फक्त तो टर्बोपासून लांब, गाडीच्या पोटाखाली गेला आहे. आता ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) री-मॅप करायचा आहे, म्हणून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि गेज आणलं. सेन्सर कुठं बसवायचा यावर मात्र तीन जणांची तीन मतं. डाउनपाइप करणारा म्हणतो मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या पाइपमध्ये), टर्बोच्या आधी बसवा, तिथला धूर ताजा असतो, रीडिंग लगेच मिळतं. गॅरेजवाले म्हणतात टर्बोच्या तोंडालाच लावा. मित्रानं त्याच्या गाडीत सायलेन्सरच्या शेपटाला लावलाय आणि काही बिघडत नाही म्हणतो. कंपनीचा सेन्सर असताना दुसरा कशाला, हा घरच्यांचा प्रश्न वेगळाच. काय करू? – वाचक, कराड

उत्तर : आधी जागा सांगतो, कारणं मागाहून. टर्बोच्या नंतर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टर्बोच्या तोंडापासून मिळेल तेवढं अंतर सोडून आणि पाइपच्या वरच्या अंगाला. वाइडबँड गेजसोबत येणारी पत्रकं टर्बोच्या गाडीसाठी साधारण 3 फूट अंतर सांगतात. कन्व्हर्टर पोटाखाली गेल्यामुळं तुम्हाला तेवढ्या अंतराच्या आसपास जागा मिळायला हवी. अडीच फूट मिळालं तरी चालेल. वीतभर अंतरावर मात्र लावू नका.

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. तुमच्या गाडीतला कंपनीचा सेन्सर नॅरोबँड आहे. त्याला एकच गोष्ट नीट कळते : मिश्रण बरोबर लॅम्डा 1 च्या, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल याच्या, इकडं आहे की तिकडं. पेट्रोल जास्त असेल तर 0.9 व्होल्टच्या जवळ, कमी असेल तर 0.1 च्या जवळ. मधे जवळजवळ काही नाही. हायवेवर सरळ चालताना ईसीयूला एवढं पुरतं. पण टर्बोनं बूस्ट भरला, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबली, की मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवावं लागतं, लॅम्डा 0.80 ते 0.85 च्या घरात, कारण जादा पेट्रोल ज्वलनकक्षाला गार ठेवतं आणि नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी स्फोट) आवरतं. त्या पट्ट्यात 0.80 आहे की 0.88, हे नॅरोबँड सांगू शकत नाही. री-मॅपमध्ये तर नेमकं तेच बघायचं असतं. म्हणून वाइडबँड हवाच. त्याच्याशिवाय बूस्टचा मॅप बदलणारा माणूस अंदाजावर तुमचा पिस्टन पणाला लावतो.

आता ‘ताज्या धुराचं’ बघू. डाउनपाइपवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. टर्बोच्या आधी रीडिंग लवकर येतं. पण किती लवकर, ते मोजून बघा. तुमच्या इंजिनातून फुल लोडला अडीच इंची पाइपमधून धूर ढोबळमानानं सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वाहतो. म्हणजे मीटरभर अंतर कापायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा. त्याहून जास्त वेळ सेन्सर स्वतः घेतो. आयडलिंगला धूर संथ असतो, तिथं अर्धा-पाऊण सेकंद उशीर होईल, पण आयडलिंगला कुणाचं इंजिन वितळलेलं नाही. तेव्हा ताजेपणाचा फायदा जिथं हवा तिथं तो मिळतच नाही.

तोटा मात्र मोठा आहे आणि तो दाबाचा आहे. टर्बोचं चाक फिरवायला मॅनिफोल्डमध्ये धूर कोंडून दाब तयार व्हावा लागतो. छोट्या टर्बोत तो दाब बूस्टएवढा, बऱ्याचदा बूस्टपेक्षाही जास्त होतो. वाइडबँड सेन्सर काम कसा करतो, हे लक्षात घेतलं की यातला धोका कळतो. त्याच्या सिरॅमिकमध्ये एक बारीक पोकळी असते. धूर एका सूक्ष्म अडथळ्यातून त्या पोकळीत झिरपतो आणि कंट्रोलर आतला ऑक्सिजन पंप करून पोकळीतलं मिश्रण सतत लॅम्डा 1 वर ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला, कोणत्या दिशेनं लागला, यावरून तो लॅम्डाचा आकडा काढतो. दाब वाढला की झिरपणारा धूर वाढतो, करंट वाढतो आणि आकडा लॅम्डा 1 पासून आणखी लांब सरकतो. धुराचा दाब दुप्पट झाला तर हा करंट पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढतो. मिश्रण लॅम्डा 1 वर असेल तर करंटच शून्य असतो, त्यामुळं तिथं चूक दिसत नाही. मिश्रण रिच असेल तर ते आहे त्याहून जास्त रिच दिसतं.

याचा अर्थ गाडीपुरता सांगतो. फुल बूस्टला खरं मिश्रण 0.80 आहे. मॅनिफोल्डमधला सेन्सर 0.76-0.77 दाखवतो. ट्युनर म्हणतो, पेट्रोल फार जातंय, कमी करू. तो गेजवर 0.80 आणतो, तेव्हा इंजिनात प्रत्यक्षात 0.83-0.84 असतं. त्यावर तो अजून थोडं पेट्रोल कमी करतो, इग्निशन थोडं पुढं घेतो, आणि एक दिवस खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नॉक करायला लागतं. गेज तेव्हाही सगळं आलबेल दाखवत असतं. चूक नेमकी इंजिन मारणाऱ्या बाजूला होते, म्हणून मला या जागेची भीती वाटते. गेज नसलेला माणूस निदान जपून तरी चालवतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आज बाजारात ज्या वाइडबँड किट मिळतात, त्यातल्या बहुतेकांत बॉशचा एलएसयू 4.9 सेन्सर असतो. त्याच्या सिरॅमिकला आतल्या हीटरनं सुमारे 780 अंश सेल्सिअसवर ठेवलेलं असतं. सेन्सरपाशी धुराचं तापमान सतत 930 अंशांपर्यंत चालतं, त्याहून वर फक्त थोडा वेळ. आणि पान्याच्या जागेला, म्हणजे बाहेरच्या षटकोनी भागाला, 600 अंशांची मर्यादा आहे. टर्बो पेट्रोलच्या मॅनिफोल्डमध्ये घाट चढताना 900 अंश ही रोजची बाब आहे. धूर 780 च्या वर गेला की कंट्रोलर हीटर बंद करू शकतो, सेन्सर गार करू शकत नाही. टर्बाइनमधून जाताना धूर चाकाला काम देतो आणि साधारण 100 ते 150 अंश उतरतो. पुढं पाइपमध्ये आणखी थोडा उतरतो. तेवढ्यात सेन्सरचा जीव वाचतो.

माझ्या टेबलावर दोन निकामी सेन्सर कायम ठेवलेले असतात. गॅरेजमध्ये येणाऱ्या पोरांच्या हातात मी ते देतो. पहिला मॅनिफोल्डमधून निघालेला आहे. त्याचा षटकोन सोनेरी-जांभळा-निळा असे रंग चढून काळवंडलाय, वायर जिथं बाहेर येते तिथलं रबर कडक होऊन चिरा पडल्यात, नखानं खरवडलं की तुकडे निघतात. दुसरा बाहेरून अगदी नवा दिसतो. तो कानाजवळ धरून हलवला की आत खुळखुळतो. आतलं सिरॅमिक पाण्यानं फुटलंय. या दुसऱ्याकडं आता येतो, कारण तुमची जागा ठरली तरी कोन चुकला तर हेच होईल.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन गरम असताना ते वाफ होऊन निघून जातं. सकाळी गार गाडी चालू केली की तीच वाफ थंड पाइपला लागून पाणी होते आणि पाइपच्या तळातून वाहते, सायलेन्सरमधून थेंब टपकताना तुम्ही पाहिलेच असतील. सेन्सर पाइपच्या खालच्या बाजूला किंवा अगदी आडवा असेल तर त्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडतो आणि ते तडकतं. म्हणून पाइप समोरून बघितला तर घड्याळातल्या 10 ते 2 च्या मधेच सेन्सर यायला हवा. आडव्यापासून निदान 10 अंश वर असावा, हे बॉशचंच सांगणं आहे. मी त्याहून बरंच जास्त ठेवतो. वरच्या बाजूला ठेवण्याचा आपल्याकडं आणखी एक फायदा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना तापलेल्या सेन्सरवर खालून पाणी आदळत नाही, आणि गावागावातल्या उंच स्पीडब्रेकरला वायर घासत नाही.

गॅरेजवाल्यांनी टर्बोच्या तोंडाला लावा म्हटलं, तिथं दोन अडचणी आहेत. तुमच्या टर्बोत वेस्टगेट आतलंच आहे. बूस्ट पुरेसा झाला की त्याची झडप उघडते आणि टर्बाइनला वळसा घालून धूर थेट बाहेर येतो. या धुरानं चाकाला काम दिलेलं नसतं, त्यामुळं तो मॅनिफोल्डइतकाच तापलेला असतो, आणि झडपेसमोर सेन्सर असेल तर ती झळ सरळ त्याच्यावर. शिवाय त्या बोटभर जागेत धूर फिरकी घेत बाहेर पडतो. कंपनीचा सेन्सर तिथं जवळ असतो, कारण कंपनीला गार गाडी चालू झाल्या झाल्या तो तापवून प्रदूषण आवरायचं असतं. त्याला तिथंच राहू द्या, हलवू नका. तुमच्या गेजचं काम वेगळं आहे.

मित्राच्या शेपटातल्या सेन्सरबद्दल थोडक्यात. तिथं पोचेपर्यंत धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून गेलेला असतो, जो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून आकडा मागं रेंगाळतो. धूर गार झालेला असतो, त्यामुळं पाणी धरायची शक्यता वाढते आणि हीटरला जास्त राबावं लागतं. आणि आयडलिंगला शेपटातून बाहेरची हवा आत ओढली जाते, ती सेन्सर प्रामाणिकपणे मोजतो. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) एका फुल लोडच्या धावेला ढोबळ अंदाज घ्यायला लोक तिथं नळी घालतात, तेवढं ठीक. कायमचं बसवायला ती जागा नाही.

आता प्रत्यक्ष काम. सेन्सरचे आटे एम18 बाय 1.5 आहेत. त्यासाठी पाइपला बॉस (आतून आटे असलेली जाड कडी) वेल्ड करावा लागतो. किटमध्ये बहुतेकदा माइल्ड स्टीलचा बॉस येतो. तुमचा पाइप स्टेनलेसचा आहे, तर 304 स्टेनलेसचा बॉस लेथवर करून घ्या. कराडात मिळाला नाही तर आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडं तासाभरात होईल. माइल्ड स्टीलचा बॉस गंजतो आणि दोन पावसाळ्यांनी सेन्सर त्यात असा जाम होतो की काढताना आटे घेऊनच येतो. बॉसची उंची बेताची ठेवा. सेन्सरच्या टोकाच्या टोपीला जी छिद्रं असतात, ती धुराच्या प्रवाहात आली पाहिजेत. बॉस फार उंच झाला तर टोक खड्ड्यात राहतं, तिथं शिळा धूर घुटमळतो आणि रीडिंग सुस्त होतं.

डाउनपाइप गाडीवर असतानाच खडूनं खूण करा. हे फार महत्त्वाचं आहे. टेबलावर पाइप छान दिसतो, पण गाडीला लावल्यावर तोच सेन्सर स्टिअरिंग रॅकला किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या रबर बूटला टेकतो. सेन्सर आणि त्याची वायर मिळून वर बरीच जागा लागते, शिवाय 22 चा पाना फिरायला जागा हवी. सरळ तुकडा निवडा, वाकाच्या अगदी पाठीवर नको. मग पाइप काढा, भोक पाडा, आतली बर (भोकाच्या कडेला राहिलेले धारदार कंगोरे) कानशीनं पूर्ण साफ करा आणि टिग वेल्डिंगच करून घ्या. वेल्डिंग करताना बॉसमध्ये एखादा जुना निकामी सेन्सर किंवा पितळी बोल्ट घट्ट बसवून ठेवा, नाहीतर उष्णतेनं आटे अंडाकार होतात. नवा सेन्सर तेव्हा त्या खोलीतही नको. वेल्डिंग गार झाल्यावर एकदा टॅप फिरवून आटे साफ करा.

नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीनंच ग्रीस लावलेलं असतं. वर काही चोपडू नका, टोकाला तर मुळीच नाही. 40 ते 60 न्यूटन-मीटरनं आवळा. डाउनपाइपच्या फ्लँजला साधं सिलिकॉन सीलंट लावायची आपल्याकडं सवय आहे, ती इथं सोडा. सिलिकॉनची वाफ सेन्सरला विष आहे. मेटल गॅस्केट वापरा. आणि वायर लांबीला कमी पडली म्हणून कनेक्टर कापून जोडू नका. त्या कनेक्टरच्या आत त्याच सेन्सरसाठी लेझरनं जुळवलेला एक रेझिस्टर असतो. तो गेला की सेन्सरची ओळखच गेली. जास्तीची केबल कनेक्टरच्या पुढं जोडायची.

शेवटचं विजेचं. गेजला सप्लाय इग्निशनवरून असा द्या की इंजिन चालू झाल्यावरच हीटर तापेल. किल्ली फिरवून गाणी ऐकत बसलात आणि हीटर तापून राहिला, तर गाडी चालू केल्यावर पहिलंच पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाईल. उलट, गेज बंद ठेवून सेन्सर तसाच पाइपमध्ये ठेवून गाडी चालवणंही वाईट, त्यावर काजळी चढते. गेज काढून ठेवायचं असेल तेव्हा सेन्सर काढा आणि बॉसला बुच लावा.

कन्व्हर्टर ठेवलात हे फार चांगलं केलंत. तो काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे फेरफार चालत नाहीत, आणि त्याहून मोठं म्हणजे तुमच्या मागच्या दुचाकीवाल्याला तो धूर श्वासात घ्यावा लागतो.

प्रश्न : फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. वाइडबँड तुम्ही सांगता तसाच डाउनपाइपमध्ये, वरच्या बाजूला आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आकडे अगदी बरोबर. पण आयडलिंगला गेज हवा-पेट्रोलचं प्रमाण 17-18 दाखवतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूनं पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त) मात्र शून्याच्या आसपास आहेत, गाडी कुठं अडखळत नाही. सेन्सर बदलू का? – वाचक, नाशिक

उत्तर : पैसे खर्च करू नका, सेन्सर बहुधा खरंच बोलतोय. धूर पाइपमधून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे पाइपमध्ये क्षणभर ओढ तयार होते. जवळपास कुठं फट असेल तर आयडलिंगला त्या फटीतून बाहेरची हवा आत येते आणि गेज लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतं. दाब वाढला की त्याच फटीतून धूर बाहेर जातो, हवा आत येत नाही, म्हणून आकडा सुधारतो. तुमची लक्षणं नेमकी हीच आहेत.

ट्रिम ठीक आहेत हा तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी तपशील. फट कंपनीच्या सेन्सरच्या आधी असती तर ईसीयूही फसला असता आणि त्यानं पेट्रोल वाढवलं असतं. तो फसलेला नाही. म्हणजे फट कंपनीच्या सेन्सरनंतर आणि तुमच्या सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ आहे. बघायच्या जागा दोनच : मधला फ्लँज किंवा क्लॅम्प, आणि तुमच्या बॉसचं वेल्डिंग. इंजिन पूर्ण गार असताना शेपटाला कापडाचा बोळा लावा, एअर कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबानं आत सोडा आणि या दोन जागांवर साबणाचं पाणी ब्रशनं फिरवा. बुडबुडे आले की कळेल. जोडावर काळ्या काजळीची रेघ ओढल्यासारखी दिसत असेल तर साबणाचीही गरज नाही.

सेन्सरवर तरी शंका असेल तर तो काढून मोकळ्या हवेत धरा, गेज चालू करून. त्यानं लीन बाजूचं शेवटचं टोक दाखवायला हवं. टोक गरम होतं, हात लावू नका. आणि एक खबरदारी : मिसफायर होत असेल तरीही गेज लीन दाखवतं, कारण जळलं नाही तर पेट्रोलसोबत ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो, आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तुमची गाडी अडखळत नाही म्हणता, म्हणून मी फटीवर बोट ठेवतोय.

प्रश्न : नमस्कार काका. मी ऑस्ट्रेलियात असतो, हातात 2004 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. टर्बोच्या आधी सेन्सर नको असं सगळे म्हणतात, पण माझ्या गाडीत कंपनीनंच पुढचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डला दिलाय. मग कंपनी चुकली का? – वाचक, मेलबर्न

उत्तर : चुकली नाही. वर कराडच्या पत्राला उत्तर देताना म्हटलं की लॅम्डा 1 वर दाबाची चूक शून्य असते. ईसीयू त्या सेन्सरचं ऐकतो ते मुख्यतः तेव्हाच, म्हणजे गाडी निवांत चालताना, जेव्हा मिश्रण लॅम्डा 1 च्या आसपास ठेवायचं असतं आणि मॅनिफोल्डमधला दाबही कमी असतो. तिथं सेन्सर लवकर तापतो हा फायदा कंपनीनं घेतला. पूर्ण बूस्टला ईसीयू सेन्सरकडं न बघता मॅपमधल्या ठरलेल्या आकड्यांनी पेट्रोल देतो. तुम्हाला गेजवर बघायचा आहे तो नेमका हाच पूर्ण बूस्टचा भाग, म्हणून तुमचा सेन्सर डाउनपाइपमध्येच. कंपनीचा जिथं आहे तिथंच ठेवा. काही जण एकच सेन्सर वापरून त्याचाच सिग्नल ईसीयूला आणि गेजला देतात. तुमच्या गाडीत तसं करू नका.

एक जास्तीचं बघा. मॅनिफोल्डच्या एका फाट्यात सेन्सर असेल तर तो त्याच फाट्यातल्या सिलिंडरांचं मिश्रण मोजतो. टर्बाइनमधून गेल्यावर चारही सिलिंडरांचा धूर छान घुसळून निघतो, तेव्हा डाउनपाइपमधला आकडा सगळ्या इंजिनाचा असतो. मात्र एखादा इंजेक्टर अडला आणि एकच सिलिंडर लीन झाला, तर सरासरीत ते दडून जाईल. म्हणून री-मॅपच्या आधी इंजेक्टर काढून बेंचवर तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोलच मिळतं. ई20 ला 13.5 च्या आसपास मिश्रण लागतं असं वाचलं, पण माझं गेज निवांत चालताना 14.7 च दाखवतं. गेजचं कॅलिब्रेशन बदलायचं का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, धुरात ऑक्सिजन उरला की कमी पडला एवढं मोजतो, आणि ते कोणत्याही इंधनाला लागू पडतं. तोच लॅम्डा. गेज त्या लॅम्डाला 14.7 नं गुणून काट्यावर दाखवतं, कारण कारखान्यात तसंच ठरवलेलं असतं. लॅम्डा 1 असेल तर गेजवर 14.7 दिसणार, टाकीत शुद्ध पेट्रोल असो की ई20. तुम्ही वाचलेला आकडाही खराच आहे. इथेनॉलला वजनाच्या 9 पट हवा लागते, पेट्रोलला 14.7 पट, आणि 20 टक्के मिसळलं की हिशेब साडेतेरापाशी येतो. गेजच्या सेटिंगमध्ये जाऊन एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ऐवजी लॅम्डा निवडा. मग पंप बदलला, इंधन बदललं, तरी बूस्टला 0.80 म्हणजे 0.80 च. ज्या ट्युनरकडं जाल त्यालाही लॅम्डामध्येच बोलायला सांगा.

प्रश्न : महिंद्रा स्कॉर्पिओ डिझेल. टर्बोनंतर वाइडबँड लावून फायदा होईल का? – वाचक, अकलूज

उत्तर : री-मॅप करून घेणार असाल तर थोडा होईल. डिझेल नेहमी लीनच चालतं, त्यामुळं पेट्रोलसारखं ठरलेलं लक्ष्य नसतं. जोर देताना लॅम्डा फार खाली येऊन काळा धूर सुटायला लागतो, ती हद्द कळते. जागेचा नियम तोच : टर्बोनंतर, वरच्या अंगाला. पण खर्च एकाच गेजचा झेपणार असेल तर ते धुराच्या तापमानाचं घ्या, आणि त्याचं टोक मात्र टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. डिझेल टर्बोला आधी मारतं ते तापमान, आणि ते सगळ्यात जास्त तिथंच असतं.